रुग्णांच्या दालनात रंगवलेला इतिहास : सिएनाचे सांता मारिया देल्ला स्काला रुग्णालय

इटलीतल्या सिएना शहरात, मुख्य कॅथीड्रलच्या पायऱ्यांसमोर, सांता मारिया देल्ला स्काला ही भलीमोठी जुनी वास्तू उभी आहे. आज तिथे संग्रहालय आहे, पण विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपर्यंत ते चालते रुग्णालय होते. त्याचा कागदोपत्री पहिला उल्लेख १०९० सालचा. विख्यात लेखक इतालो काल्व्हिनो सप्टेंबर १९८५ मध्ये इथेच उपचार घेत असताना वारला. म्हणजे जवळजवळ नऊ शतके या एका जागेवर आजाऱ्यांची शुश्रूषा होत राहिली. जगात इतकी दीर्घायुषी रुग्णालये मोजकीच असतील. पण या स्मरणिकेत त्याचा इतिहास सांगावासा वाटतो तो त्याच्या वयामुळे नव्हे. या संस्थेने आपला इतिहास स्वतःच सांगून ठेवला, तो चित्रांत सांगितला आणि ती चित्रे कार्यालयात किंवा विश्वस्तांच्या बैठकीच्या खोलीत न लावता जिथे माणसे आजारी होऊन पडत त्या दालनाच्या भिंतींवर काढून घेतली. रुग्णाला धीर देणे आणि रुग्णाला माहिती देणे ही दोन वेगळी कामे आहेत असे आपण सहसा धरून चालतो. पहिले काम परिचारिकेच्या गोड बोलण्याकडे आणि दुसरे भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे सोपवून मोकळे होतो. सिएनाच्या भिंती पाहिल्या की ही वाटणी चुकीची असल्याचे ध्यानात येते. आपले पुढे काय होणार आणि ते कोण करणार हे कळणे, हाच रुग्णाला मिळणारा मोठा धीर असतो, आणि चित्र हे काम शब्दांहून चांगले करू शकते.

आधी संस्थेविषयी थोडे. कॅथीड्रलच्या धर्मगुरूंनी चालवलेली यात्रेकरूंची धर्मशाळा, हे तिचे मूळ रूप. फ्रान्स आणि पलीकडच्या मुलखातून रोमला जाणारी व्हिया फ्रान्चिजेना ही यात्रेची वाट सिएनावरून जाई, आणि थकलेला, आजारी पडलेला यात्रेकरू इथे टेकत असे. हळूहळू कामाचा पसारा वाढला. शहरातल्या आजाऱ्यांची देखभाल, गरिबांना अन्नवस्त्र आणि दारात आणून टाकलेल्या तान्ह्या मुलांचे संगोपन, अशी सगळी जबाबदारी संस्थेने घेतली. मृत्युपत्रे आणि दानपत्रे यांतून जमिनी आल्या. कूना आणि सेर्रे यांसारख्या ठिकाणी तिची तटबंदी असलेली धान्याची कोठारे उभी राहिली आणि सिएनाच्या मुलखात तिच्याएवढी जमीन क्वचितच कोणाकडे असेल अशी स्थिती आली. १३४८ च्या प्लेगने शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा मरणाऱ्यांनी आपली मालमत्ता मोठ्या प्रमाणावर या रुग्णालयाच्या नावे केली. १४०० साली पुन्हा प्लेग आला, तेव्हा बेर्नार्दिनो हा विशीतला तरुण आपल्या मित्रांना घेऊन इथे रुग्णसेवेला उभा राहिला. पुढे तो संत म्हणून इटलीभर ओळखला गेला. त्याच्या आधीच्या पिढीत संत कातेरिनाही इथल्या रुग्णांची सेवा करत असे. कारभार धर्मगुरूंच्या हातून सामान्य संसारी सेवकांकडे आणि पुढे नगरशासनाच्या नजरेखाली आला. संस्थेच्या प्रमुखाला रेक्टर म्हणत आणि त्याचा मान शहरातल्या बड्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीचा असे.

चित्रांशी या रुग्णालयाचा संबंध तसा जुनाच. १३३५ च्या सुमारास त्याच्या दर्शनी भिंतीवर मरियमच्या जीवनातले प्रसंग रंगवले गेले. त्या कामाशी पिएत्रो आणि अंब्रोजो लोरेन्झेत्ती या भावांची नावे जोडली जातात, सिमोने मार्तिनीचेही. ती चित्रे आता नष्ट झाली आहेत. ती रस्त्याकडे तोंड करून होती, कॅथीड्रलला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी होती. शंभरएक वर्षांनी रेक्टर जोव्हान्नी बुझ्झिकेल्ली याने जे काम काढले ते मात्र आतले होते. पेल्लेग्रिनायो, म्हणजे यात्रेकरूंचे लांबलचक, उंच कमानींचे दालन. तिथे खाटा मांडलेल्या असत. १४४० ते १४४४ या काळात या दालनाच्या दोन्ही लांब भिंतींवर भित्तिचित्रे काढण्यात आली. बहुतेक चित्रे डोमेनिको दी बार्तोलोची, एक वेक्किएत्ता या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोरेन्झो दी पिएत्रोचे आणि एक प्रियामो देल्ला क्वेर्चाचे. मालिकेची सुरुवात दंतकथेपासून होते. रुग्णालयाचा संस्थापक मानला जाणारा सोरोरे नावाचा चांभार, त्याच्या आईला पडलेले स्वप्न आणि त्या स्वप्नात टाकून दिलेली बाळे शिडी चढून स्वर्गात मरियमच्या हाती जाताना, असे वेक्किएत्ताचे चित्र आहे (१४४१). पोपने बहाल केलेली स्वायत्तता, इमारतीचा विस्तार अशी गौरवाची पानेही आहेत. पण त्यांच्याबरोबरीने रुग्णालयाचे रोजचे काम तितक्याच मोठ्या आकारात रंगवलेले आहे, आणि ही गोष्ट त्या काळाच्या मानाने असाधारण आहे.

त्यांतले 'आजाऱ्यांची देखभाल' हे डोमेनिकोचे चित्र (१४४०-४१) जवळून पाहण्यासारखे आहे. मध्यभागी मांडीला खोल जखम झालेला एक जवळजवळ उघडा तरुण आहे. जखमेतून रक्त येते आहे, त्याच्या अंगात थंडी भरलेली दिसते, आणि एक परिचारक गुडघे टेकून त्याचे पाय धुतो आहे. शल्यचिकित्सक जवळच तयारीत आहे. दुसरीकडे दोन वैद्य काचेच्या भांड्यात धरलेले मूत्र निरखत आपसांत बोलत आहेत. रोगनिदानाची त्या काळची सर्वमान्य पद्धत हीच होती. एका रुग्णाला खाटेवर नीट निजवणे चालले आहे. आणखी एका खाटेपाशी धष्टपुष्ट साधू रुग्णाचा पापनिवेदनाचा विधी करतो आहे. संस्थेचा प्रमुख डोक्यावरची टोपी हातात घेऊन या सगळ्यात उभा आहे. पुढच्या बाजूला, जमिनीवर, एक कुत्रा आणि एक मांजर एकमेकांवर गुरकावत आहेत. हे कुत्रे-मांजर चित्रकाराने गंमत म्हणून घातले असेल, पण त्यामुळे दालन खरे वाटते. ही कोणा संताची चमत्काराची जागा नाही. इथे जनावरे शिरतात, फरशीवर पाणी सांडते, जखमेतून रक्त येते आणि माणसे आपापले काम करत राहतात. कपडे त्या काळच्या सिएनाचेच, खाटाही तशाच. खाटेवर पडलेला माणूस वर पाहील तेव्हा त्याला आपल्यासारखाच कोणीतरी दिसेल अशी ही योजना आहे.

याच संकुलातल्या सांतिस्सिमा आन्नुन्त्सियाता चर्चमध्ये वेदीमागच्या अर्धवर्तुळाकार भिंतीवर सेबास्तियानो कोंकाने १७३२ मध्ये बेथेस्दाच्या कुंडाचे भव्य चित्र पूर्ण केले. देवदूत पाणी ढवळील आणि आपण बरे होऊ या आशेने काठावर ताटकळणारे आजारी, असा तो बायबलमधला प्रसंग. दोन चित्रांमध्ये जवळपास तीनशे वर्षांचे अंतर आहे आणि त्यांची प्रयोजनेही निराळी आहेत, हे मान्य. तरी शेजारी ठेवून पाहिली की पेल्लेग्रिनायोतल्या चित्राचे वेगळेपण उठून दिसते. कोंकाचा रुग्ण वरून येणाऱ्या कृपेची वाट पाहतो. डोमेनिकोच्या रुग्णाचे पाय एक माणूस धुतो आहे. देवावरची श्रद्धा दोन्हीकडे आहे. पापनिवेदन ऐकणारा साधू त्याचीच खूण. पण दालनातले चित्र रुग्णाला सांगते की तुला धुतले जाईल, तपासले जाईल, खाटेवर निजवले जाईल, आणि मरण जवळ आलेच तर तुझ्यापाशी कोणीतरी बसलेले असेल. त्यात बरे करण्याचे खोटे वचन कुठेच नाही. सोडून न देण्याचे वचन मात्र आहे. अनोळखी गावात, अनोळखी भाषेच्या माणसांत आजारी पडलेल्या यात्रेकरूला याहून अधिक उपयोगाची माहिती दुसरी कोणती असेल? अक्षरओळख नसणाऱ्यांचीच संख्या तेव्हा मोठी होती. भाषा आणि अक्षर या दोन्ही अडचणी चित्राने एकदमच दूर केल्या.

बाकीची चित्रेही याच सुरात बोलतात. दान वाटण्याच्या चित्रात (१४४१) उघड्या माणसाच्या अंगावर कपडा चढतो आहे, भाकरी वाटल्या जात आहेत आणि दारातून बाहेरचे कॅथीड्रल दिसते आहे. टाकून दिलेल्या मुलांच्या चित्रात (१४४१-४२) दाया तान्ह्या मुलांना सांभाळत आहेत, शिक्षक शिकवतो आहे आणि रुग्णालयाने वाढवलेल्या मुलीचे लग्न लागते आहे. अशा मुलींना संस्था हुंडा देऊन सासरी पाठवत असे. त्या चित्रात पौर्वात्य धाटणीचा गालिचा इतका बारकाईने रंगवला आहे की जुन्या गालिच्यांचे अभ्यासक आजही त्याचा दाखला देतात. पण मला सर्वांत बोलकी वाटतात ती सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दालनाच्या टोकाला जोडलेली दोन चित्रे. त्यांत मुलांना दूध पाजणाऱ्या दायांना मोबदला दिला जातो आहे, एकात धान्याच्या रूपात आणि दुसऱ्यात पैशांच्या. दायांच्या मेहनतान्याला भिंतीवर जागा देणाऱ्या संस्था किती असतील? काम करणाऱ्या बाईला तिचे देणे सर्वांदेखत मिळते, हे त्या संस्थेला इतिहासात नोंदवण्याजोगे वाटले.

या साऱ्यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ही संस्थेची जाहिरातबाजी होती. दानशूरांनी पैसा द्यावा, नगरशासनाने कौतुक करावे आणि रेक्टरचे नाव राहावे म्हणून हा खर्च झाला. हा आक्षेप खोटा नाही. चित्रांत रेक्टर वारंवार दिसतो, पोप आणि बिशप दिसतात, उंची वस्त्रांतले नागरिक दिसतात. पाहुण्यांना ते दालन अभिमानाने दाखवले जात असणार यातही शंका नाही. आपल्याकडच्या रुग्णालयांत प्रवेशद्वाराशी देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या असतात, त्यांच्यामागेही हाच हेतू असतो आणि तो निंद्य नाही. पैशावाचून रुग्णालय चालत नाही. पण पाटीत आणि या चित्रांत एक महत्त्वाचा फरक आहे. पाटी सांगते की कोणी किती दिले. चित्र सांगते की दिलेल्याचे काय झाले. आणि ते अशा ठिकाणी सांगते की जिथे त्याची शहानिशा करणारे साक्षीदार चोवीस तास पडून आहेत. भिंतीवर पाय धुणारा परिचारक रंगवायचा आणि खाली पाय कोणी धुवायचेच नाहीत, ही विसंगती लपणार कशी? रुग्णांच्या डोळ्यांसमोर लावलेली बढाई संस्थेला बांधून घेते. तिचे आपोआप वचननाम्यात रूपांतर होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्यक्षातले रुग्णालय चित्रासारखे नव्हतेच. त्या काळात युरोपभरच्या अनाथगृहांत तान्ह्या मुलांचे मृत्यू फार होत. प्लेगपुढे वैद्य हतबल होते. मूत्र पाहून केलेल्या निदानाने किती जण बरे झाले असतील हे सांगायला नकोच. मग शाळेत शिकणारी गुटगुटीत मुले रंगवणे ही रुग्णांची फसवणूक नव्हती काय? याला माझे उत्तर असे, की चित्रकाराने यशाचे आकडे रंगवलेले नाहीत. बरा होऊन नाचत घरी जाणारा रुग्ण त्या देखभालीच्या चित्रात नाही. आहे ती जखम, तपासणी, शुश्रूषा आणि मरणाची तयारी. मुलांच्या चित्रात आदर्श अधिक आहे हे खरे, पण तिथेही दाखवले आहे ते संस्थेने पत्करलेले कर्तव्य. ती ते किती पार पाडू शकली याचा हिशोब इतिहासकार दप्तरांवरून करतात, आणि तो करायलाच हवा. चित्रामुळे त्यांना तो कशाशी ताडून पाहायचा हे कळते.

तिसरा प्रश्न आजच्या वाचकाच्या मनात हमखास येईल. चित्रांनी कोणी बरे झाले का? सिएनाबाबत याचा पुरावा मिळण्याची सोय नाही. पण डोळ्यांना जे दिसते त्याचा शरीरावर परिणाम होतो, एवढे पुढच्या काळात चांगले तपासले गेले आहे. रुग्णाला दिसणारे आकार आणि रंग हा निव्वळ मनाचा खेळ नसून शरीराच्या बरे होण्याशी त्यांचा संबंध आहे, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेलने परिचर्येवरच्या आपल्या पुस्तकात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच बजावले होते. रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ साली 'सायन्स' नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण, वय वगैरे बाबी जुळवून केलेल्या २३ जोड्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, आणि झाडे पाहणाऱ्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास लहान आहे, खिडकीचा आहे, चित्राचा नाही. त्यावरून चित्राला औषध ठरवणे घाईचे होईल. उलरिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनीच पुढे स्वीडनमध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना वेगवेगळी चित्रे दाखवून पाहिली. पाणी आणि झाडे असलेल्या निसर्गदृश्याने चिंता कमी झाली, पण काही अमूर्त चित्रांनी ती उलट वाढली. माझ्या मते हा निष्कर्ष पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. जे चित्र बरे वाटायला मदत करते तेच वाईट निवडले तर त्रासही देऊ शकते. म्हणजेच रुग्णालयातले चित्र निवडणे ही सजावटीची बाब नाही. ज्याला खाटेवरून उठून दुसरीकडे जाता येत नाही अशा माणसासमोर काय ठेवायचे, हा उपचारांइतकाच जबाबदारीचा निर्णय आहे.

रुग्णांपर्यंत चित्रे नेण्याचे प्रयत्न या अभ्यासांच्या आधीही झाले होते. इंग्लंडमध्ये एड्रियन हिल हा चित्रकार क्षयासाठी मिडहर्स्टच्या आरोग्यधामात असताना स्वतः चित्रे काढत राहिला, इतर रुग्णांनाही त्याने त्याकडे वळवले आणि १९४० च्या दशकात रेडक्रॉसच्या मदतीने रुग्णालयांना चित्रे उसनी देण्याची योजना उभी राहिली. १९५९ मध्ये शेरिडन रसेल या रुग्णालयीन समाजसेवकाने लंडनमध्ये अशाच कामासाठी 'पेंटिंग्ज इन हॉस्पिटल्स' ही संस्था सुरू केली. आपल्या देशात चित्राने याहून तातडीचे काम करून दाखवले. देवीच्या निर्मूलनाच्या शेवटच्या मोहिमेत, १९७० च्या दशकात, गावोगाव फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हाती एक कार्ड असे. त्यावर देवीचे फोड उठलेल्या बाळाचे छायाचित्र. शाळेत, बाजारात ते दाखवून विचारायचे, असा कोणी पाहिलात का? रोगाचे नाव प्रांतागणिक वेगळे, पण चेहरा सगळीकडे तोच. मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंजमध्ये भारतातला शेवटचा रुग्ण सापडला. लसीकरणाशिवाय हे झाले नसते, पण लस कुठे टोचायची हे सांगायला त्या कार्डाची मोठीच मदत झाली. कार्डाने रोग ओळखायला शिकवले, पेल्लेग्रिनायोने शुश्रूषा ओळखायला. प्रेक्षकाला नेमके काय कळायला हवे याचा विचार दोन्हींच्या मुळाशी आहे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. औषधे, खाटा, परिचारिका यांची चणचण असताना चित्रांवर खर्च कशाला, असे विश्वस्तांच्या बैठकीत कोणीतरी विचारतेच आणि ते विचारायलाच हवे. औषधाच्या पैशातून चित्र घेऊ नये, हे निर्विवाद. पण भिंत कुठल्याही रुग्णालयात रिकामी राहत नाही. तिला रंग लागतो, तिच्यावर औषध कंपन्यांची कॅलेंडरे लागतात, प्रसूतिकक्षात गोऱ्यापान परदेशी बाळांची छायाचित्रे लागतात, 'शांतता राखा' आणि 'थुंकू नये' या पाट्या लागतात. शस्त्रक्रियागृहाच्या दारावर गणपतीची तसबीर मात्र कोणीतरी आठवणीने लावलेली असते, आणि आत नेल्या जाणाऱ्या माणसाचे हात तिला पाहून जोडले जातात. तेवढी एक गोष्ट सोडली तर त्या भिंतीवर रुग्णाला उद्देशून काहीच नसते. आपण रंगारी बोलावतोच, छपाई करतोच. तोच खर्च विचारपूर्वक व्हावा, एवढीच अपेक्षा आहे. भूल देताना काय होते, डायलिसिसच्या यंत्रापाशी चार तास कसे जातात, क्षयाची औषधे पुरी केलेला माणूस पुन्हा शेतावर कसा जातो, हे आपल्याच परिसरातल्या माणसांच्या चेहऱ्यांनी, आपल्याच लुगड्या-धोतरांत, स्थानिक कलाशिक्षकही रंगवू शकेल. त्याला डोमेनिको असण्याची गरज नाही.

म्हणून नव्या इमारतीचा किंवा जुन्या कक्षाच्या नूतनीकरणाचा आराखडा ज्यांच्या हाती येईल अशा या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती आहे. रंगाची निवड करण्याआधी त्या कक्षातल्या एका खाटेवर स्वतः आडवे होऊन पाहा. तिथून जी भिंत आणि जे छत दिसते, त्यावर काय असावे याची चर्चा तिथल्या परिचारिकांशी आणि रुग्णांशी करा, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात एक स्वतंत्र रक्कम राखून ठेवा. पुढची स्मरणिका निघेल तेव्हा संस्थेच्या इतिहासाचा निदान एक भाग त्या भिंतीवर आधीच रंगवलेला असू द्या.